वाहतं नाक आणि कपाटातल्या तीन बाटल्या

मांडवीतल्या एका बेटावर राहणाऱ्या आणि रोज फेरीबोटीने पलीकडे नोकरीला जाणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापत नाही. त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची. जूनमध्ये तिला बालवाडीत घातली आणि तेव्हापासून दसऱ्यापर्यंत तिला सहा वेळा सर्दी-खोकला झाला, त्यात दोनदा ताप आला. मध्यंतरी अंगणात खेळताना पायात काटा रुतला, जागा सुजली, पू झाला. तेव्हापासून तिचं अंगण बंद आहे. "पोरीत मुळात प्रतिकारशक्तीच नाही," असं सासूबाईंचं म्हणणं, आणि पाच वर्षांची होईपर्यंत तिला घरीच ठेवावं असा त्यांचा आग्रह. पुण्याच्या नणंदेने प्रतिकारशक्ती वाढवणारी तीन औषधं पाठवली आहेत: एक सिरप, एक गुळवेलीचा काढा, एक गोड गोळ्यांची बाटली. थर्मामीटरने ९९.५ दाखवलं की नवरा पॅरासिटामॉल पाजतो. शेंबूड हिरवा दिसला की फार्मसीतून अँटिबायोटिक येतं. असं दोनदा झालं. संध्याकाळी सोप्यावर सासऱ्यांची सिगारेट आणि डासांची कॉइल असते, हेही एका ओळीत सहज लिहिलं आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात: "नोकरीसाठी मी नवव्या महिन्यात तिचं अंगावरचं दूध तोडलं. त्याचीच ही शिक्षा का? तिला बालवाडीतून काढू का? आणि या बाटल्या सुरू करू की नको?"

ताई,

तुमचा शिक्षेचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं पत्र त्याच्या ओझ्याखाली लिहिलेलं दिसतं. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. आईच्या दुधातून बाळाला प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मिळतात, लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिनसारखी जंतूंना आवरणारी प्रथिनं मिळतात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं आणि पुढे दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त ते चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि मीही माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला तेच सांगत आले. पण नऊ महिने दूध मिळालेलं मूल उघड्यावर पडलेलं नसतं. कातडी, नाकातला चिकटा, पोटातलं आम्ल, रक्तातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी, हा सगळा सरंजाम ती जन्मताना स्वतःबरोबर घेऊन आली आहे. दूध तोडल्याने तो तुटत नाही.

आता तुमच्या घरात सगळ्यांनीच गृहीत धरलेली एक गोष्ट. नाक वाहतं, ताप चढतो, जखमेत पू होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी. इतकी वर्षं मुलं तपासताना हे वाक्य मी शेकडो आयांच्या तोंडून ऐकलं. यात कार्यकारणाची टोकं उलटी धरली जातात. नाक वाहवतात ते जंतू नव्हेत, अंग तापवतात तेही जंतू नव्हेत, आणि पू करतात तेही नव्हेत. ही तिन्ही कामं तुमच्या मुलीचं शरीर करतं, आणि ज्या शरीरात प्रतिकार खरोखरच क्षीण असतो तिथे कधीकधी पू होत नाही, ताप चढत नाही, आणि आम्ही डॉक्टर त्या शांततेला जास्त घाबरतो.

तुम्ही बेटावर राहता, खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेती, तुम्हाला सांगायला नको. बांधातल्या मानशीला, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीला, लाकडी दारं असतात. भरतीचं खारं पाणी चढू लागलं की त्याच पाण्याच्या रेट्याने ती मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. रात्री दोनला भरती आली तरी कुणाला उठावं लागत नाही. पाणी कुठून आलं याची दाराला पंचाईत नसते. बाहेरून रेटा आला की मिटायचं. शरीरातली उपजत प्रतिकारशक्ती अशीच चालते. तिच्या जोडीला दुसरी एक असते, जी प्रत्येक जंतूची ओळख पटवून त्याच्यासाठी खास प्रतिपिंडं बनवते आणि ती ओळख वर्षानुवर्षं जपते. पण नव्या जंतूशी पहिलीच गाठ पडली तर या दुसरीला कामाला लागायला चार दिवसांपासून आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवर बांध राखायचा उपजत यंत्रणेने. तुमच्या पत्रात मला ठिकठिकाणी ती राबताना दिसते.

काट्याचंच बघा. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना शहरात इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. त्याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. बाहेरून शिरलेल्या वस्तूला पेशी स्वतः जाऊन भिडतात आणि गिळतात, ही कल्पना त्यातून पुढे आली. १९०८ सालचं नोबेल त्याला पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं ते या प्रतिकाराच्या अभ्यासासाठी. तुमच्या मुलीच्या तळपायात हाच प्रयोग पुन्हा झाला. कातडीचा वरचा थर मेलेल्या, टणक पेशींचा असतो. तो किंचित आंबट असतो आणि त्यावर आपले नेहमीचे निरुपद्रवी जंतू आधीच जागा अडवून बसलेले असतात. काट्याने तो बांध फोडला. आतल्या पहाऱ्यावरच्या पेशींनी रसायनं सोडली, आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, म्हणून जागा लाल आणि गरम झाली. वाहिन्यांच्या भिंती सैलावून पाणी बाहेर झिरपलं, म्हणून सूज. मग त्याच सैल भिंतींतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर पडल्या. मोठ्या माणसाच्या हाडांतल्या मगजात या पेशी दिवसाला सुमारे दहा हजार कोटी तयार होतात, आणि त्यांचं आयुष्य काही तासांपासून फार तर काही दिवसांचं. जंतू गिळायचे आणि तिथेच मरायचं. पू म्हणजे मुख्यतः त्यांची प्रेतं. तो पाहून तुम्हाला शिसारी आली असेल, पण तुमच्या लेकीच्या हाडांचा मगज चोख काम करतो याची ती पावती होती.

तेव्हा अंगण उघडा. चपला घालून खेळू दे. पुन्हा काटा रुतलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, काटा काढायचा, स्वच्छ पट्टी बांधायची. चुना, कॉफीची पूड, टूथपेस्ट यांतलं काही त्यावर लावायचं नाही. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, ते कार्डावर पाहून ठेवा. लाली पसरत चालली, ताप आला किंवा दुखणं दुसऱ्या दिवशी वाढलं तर दवाखाना. आणि घरातले मोठे शेतात उतरत असतील तर एक सांगते: पायाला चीर असताना उघड्या पायाने चिखलात जाऊ नये. उंदराच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरा जंतू अशाच चिरेतून आत शिरतो, आणि तो आजार जिवावर बेतू शकतो.

नाकाचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा सगळा पावसाळा त्यात गेला.

शेंबूड म्हणजे घाण, असं आपण मुलांना शिकवतो. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिन शोधण्याच्या काही वर्षं आधी, स्वतःला सर्दी झालेली असताना, आपल्याच नाकातला स्राव जंतू वाढवलेल्या बशीत टाकला. आजूबाजूचे जंतू विरघळून गेले. त्या पदार्थाला त्याने लायसोझाइम नाव दिलं आणि १९२२ साली ते जाहीर केलं. तेच अश्रूंत असतं, लाळेत असतं, आईच्या दुधात असतं. जंतूंच्या भिंतीचे टाके ते उसवतं. शिवाय नाकापासून श्वासनळ्यांपर्यंत पेशींवर बारीक केसांसारख्या झालरी असतात. त्या सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात आणि चिकट्यात अडकलेली धूळ, परागकण, जंतू घशाकडे ढकलत राहतात. घशातून ते पोटात जातं आणि पोटातलं आम्ल बहुतेकांचा निकाल लावतं. जंतू आले की चिकटा वाढतो, पातळ होतो, वाहतो. खोकला उरलेलं बाहेर फेकतो.

हा शेंबूड तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट का होतो? मघाच्या न्यूट्रोफिल पेशींत जंतू मारणारं एक विकर (एन्झाइम) असतं, मायलोपरऑक्सिडेज. त्याचा रंगच मुळी हिरवा. विषाणूंच्या साध्या सर्दीतही या पेशी गर्दी करतात आणि रंग बदलतो. त्यामुळे नुसत्या हिरव्या रंगावरून फार्मसीतून आणलेलं अँटिबायोटिक विषाणूंचं काहीच वाकडं करत नाही. मारतं ते आतड्यात आणि घशात जागा धरून बसलेल्या आपल्याच कामाच्या जंतूंना. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा कायदाही आहे. दहा दिवस उलटूनही नाक तसंच असेल, बरं होता होता पुन्हा ताप चढला असेल, कान दुखत असेल, तर डॉक्टर तपासून ठरवतील. ती गोष्ट वेगळी.

सर्दीत तिला मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब द्या, भरपूर पाणी द्या, रात्री खोकल्याला चमचाभर मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये, तुमच्या लेकीला चालेल. सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं मात्र घरात ठेवूच नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात कंपन्यांना बजावलं आहे. न्हाऊ घालताना नाकात तेल सोडायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तीही थांबवा. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झालेली बाळं असतात. मांयना, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, हे सांगताना दोष देऊ नका, त्यांनी त्यांच्या सासूकडून घेतलं असेल.

आणि आता ती सोप्यावरची एक ओळ. तुम्ही ती सहज लिहिलीत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. सिगारेटच्या धुराने त्या झालरी मंदावतात, नंतर झडतात. मग चिकटा जागच्या जागी साचतो आणि खोकला लांबतो. कॉइलचा धूरही त्याच नळ्यांत जातो. नणंदेच्या तिन्ही बाटल्यांत मिळून जेवढं बळ नाही, तेवढं बळ सासऱ्यांनी सिगारेट घेऊन सोप्यावरून उठून जाण्यात आहे. सुनेने हे सांगणं किती अवघड असतं ते मी जाणते. मुलाने सांगावं, किंवा पुढच्या खेपेला सासऱ्यांनाच नातीबरोबर डॉक्टरांकडे पाठवावं. नातीच्या तोंडासमोर ऐकलेलं आजोबा बहुधा टाळत नाहीत. डासांसाठी मच्छरदाणी घ्या आणि खिडक्यांना जाळी बसवा.

तुम्हाला कदाचित वाटेल, पहिल्यांदाच आलेला जंतू या पेशी ओळखतात तरी कशा? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळत होता. केळ्यांवर घोंगावणारी फळमाशी तुम्ही पाहता. कुजत्या फळांत तिचा जन्म जातो, प्रतिपिंडं तिच्याकडे नसतात, तरी ती जगते. ज्यूल्स हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की टोल नावाचा एक जनुक बिघडला तर ही माशी बुरशीने मरते. ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ साली उंदरांत त्याच घराण्यातलं ग्राहक प्रथिन शोधलं, जे जंतूंच्या बाह्यावरणातला एक ठरावीक रेणू हुडकतं. असे रेणू आपल्या पेशींत कधीच नसतात. म्हणजे जंतूचं नाव माहीत असायची गरजच नाही. जी चीज घरची असूच शकत नाही ती दिसली की आरोळी. २०११ साली या दोघांना नोबेल मिळालं. माशीत आणि तुमच्या मुलीत हा पहारा जवळजवळ एकाच बेताचा आहे, आणि मला स्वतःला शरीराबद्दल वाचलेल्या गोष्टींत इतकी विसावा देणारी दुसरी सापडलेली नाही.

ती आरोळी मेंदूपर्यंत पोचते तेव्हा ताप येतो. पहारेकरी पेशींची रसायनं मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्राला वरचा आकडा लावून देतात. म्हणून आधी हुडहुडी भरते आणि मग अंग चटकतं. चिऱ्याच्या गडग्यावर ऊन खात बसलेला सरडा तुम्ही पाहिला असेल. त्याला अंगात उष्णता तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्याच्या नात्यातल्या वाळवंटी इग्वानांना जंतूंची बाधा करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. उबेत ठेवलेले जास्त जगले, थंड्यात ठेवलेले जास्त मेले. ताप हा शरीराने जाणूनबुजून केलेला खर्च आहे, हे त्या प्रयोगाने पटवलं.

मी नवी डॉक्टर असताना माझ्याच मुलाला पॅरासिटामॉलसाठी दर सहा तासांनी गाढ झोपेतून उठवत होते. त्याची झोप मोडायची, तो रडायचा, औषध ओकायचा. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्याला त्या झोपेची औषधापेक्षा जास्त गरज होती. म्हणून तुमच्या यजमानांना एवढं सांगा: ९९.५ हा ताप नाही. १००.४ च्या पुढे ताप धरतात. त्यापुढेही आकडा खाली आणणं हे औषधाचं काम नव्हे. मूल कळवळत असेल, अंग दुखत असेल, पाणी पीत नसेल, तर तिला आराम पडावा म्हणून ते द्यायचं. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून लिहून घेऊन कपाटाच्या दाराला चिकटवा. दुसऱ्या एखाद्या सर्दीच्या सिरपातही पॅरासिटामॉल असतं आणि नकळत दुप्पट मात्रा जाते. ती यकृताला झेपत नाही. जाड चादरी गुंडाळू नका, बर्फाच्या पाण्याने पुसू नका. तापात झटका येण्याची भीती असेल तर हेही सांगते की पॅरासिटामॉलने तो टळतो असं दिसून आलेलं नाही. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि १०८.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतरही काही आठवडे डेंग्यू असतो. म्हणून तापात आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल, अ‍ॅस्पिरिन ही औषधं मनाने देऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो.

मुलीचं खाणं तुटतं, ती मलूल पडून राहते, याचाही तुम्ही घोर घेतला आहे. तीच रसायनं मेंदूला सांगतात की भूक आवर, हालचाल आवर. दोन दिवस तिने भात नाही खाल्ला तर काही होत नाही. पातळ पेज, चिमूटभर मीठ, हवी तर लोणच्याची फोड. या बाबतीत मांय जे करतात ते बरोबर आहे. भूक परतली की मात्र मासळी तोडू नका; ताप गेल्यावर आठवडाभर मासे बंद, अशी रीत पुष्कळ घरांत आहे आणि नेमकं तेव्हाच झीज भरून काढायला प्रथिनं लागतात. बांगडा, तारले, मूग, अंडं, जे ती खाईल ते.

आता बाटल्या. "वाढवणारं" या शब्दाशी माझं भांडण आहे. काय वाढवायचं? सूज वाढवायची? ताप? करोनाच्या साथीत पुष्कळ लोकांच्या फुप्फुसांची नासाडी विषाणूइतकीच त्यांच्या स्वतःच्या अनावर प्रतिकाराने केली. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत प्राणवायूची गरज लागलेल्या रुग्णांचे मृत्यू ज्या औषधाने कमी झाले ते डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणारं औषध. दमा आणि अ‍ॅलर्जी हेही याच यंत्रणेचं नको तिथे केलेलं धाडस. मानशीचं दार वजनदार केलं तर भरती अडेल, पण मग ओहोटीला ते उघडणार नाही आणि शेत आतल्या पाण्यात कुजेल.

गोड गोळ्यांत आणि सिरपात जस्त (झिंक) असेल, लेबल वाचा. जस्ताची खरोखर कमतरता असेल किंवा जुलाब असतील तर डॉक्टर ठरावीक दिवस ते देतात, आणि त्याचा उपयोग होतो. पण महिनोन् महिने जादा जस्त गेलं तर शरीराला तांबं शोषून घेता येत नाही, आणि तांबं कमी पडलं की न्यूट्रोफिलच घटतात. ज्यांना वाढवायला निघालो तेच कमी होतात. काढ्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद मोठ्यांचा आहे, साडेतीन वर्षांच्या पोरीवर तो सोडवायला नको. तिन्ही बाटल्या बंद ठेवा. नणंदेला प्रेमाने कळवा की डॉक्टरांनी आत्ता गरज नाही म्हटलं. तिने काळजीपोटीच पाठवल्या आहेत.

प्रतिकाराला खरोखर तालीम देणारी एक गोष्ट तुमच्या मुलीच्या डाव्या दंडावर आहे: बीसीजीचा व्रण. उपजत पेशींना आठवण नसते असं पूर्वी मानत. पण ही लस घेतल्यावर त्या पेशी काही काळ इतर जंतूंशीही जास्त तडफेने वागतात, असं गेल्या दीड दशकाच्या संशोधनात दिसत आहे. लसींचं कार्ड काढा, काही राहिलं आहे का ते आरोग्य केंद्रात विचारा. पाच वर्षांपर्यंत दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी घ्या. एकदा तिचं हिमोग्लोबिन तपासा. रात्री दहा तास झोप होते का, ते बघा. तुम्ही सातला फेरी पकडता म्हणून तिला पहाटे उठवावं लागत असेल, तर रात्रीचं जेवण अलीकडे ओढा.

बालवाडीतून काढू का? माझं मत, नको. या वयाच्या मुलांना वर्षाला सहा ते आठ सर्द्या होतात, बालवाडीच्या पहिल्या वर्षी दहा-बाराही. आपल्याकडे त्यातल्या बऱ्याचशा जून ते ऑक्टोबरमध्ये दाटतात, आणि एकीचा खोकला संपायच्या आत दुसरी सुरू होते, म्हणून मूल सतत आजारी आहे असं वाटतं. तुमच्या सहा त्या हिशोबात बसतात. अमेरिकेत टक्सन शहरातल्या मुलांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासाचं एक फलित २००२ साली आलं: लहानपणी पाळणाघरात गेलेल्यांना सुरुवातीला सर्द्या जास्त झाल्या, पण पुढे सहा ते अकरा वयात, शाळेत, कमी. कधी ना कधी ती ओळखपरेड व्हायचीच आहे. पाचव्या वर्षी घातली तर तेव्हा होईल, आणि तेव्हा अभ्यासही बुडेल. घरात तान्हं बाळ असतं, तिला दमा असता किंवा हृदयाचा आजार असता, तर मी वेगळं सांगितलं असतं.

अशी वेगळी परिस्थिती कधी समजावी? वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा खोलवर गळवं, शिरेतून औषध दिल्याशिवाय न उतरणारा संसर्ग, वर्ष उलटल्यावरही तोंडात टिकून राहणारा पांढरा थर, वजन अडून बसणं, घराण्यात लहान मुलं अशा आजारांनी दगावल्याचा इतिहास. काही मुलांत न्यूट्रोफिल जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. हे जन्मजात आजार दुर्मीळ आहेत, पण आहेत. यांतलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत विचारा. तुमच्या पत्रात यांतलं एकही नाही. दोन आजारांच्या मध्ये ती धावते, जेवते, वजन वाढतं, असं तुम्हीच लिहिलं आहे.

आणि कधी धावायचं ते घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, किंवा शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास होतात. पाणीही पीत नाही, आठ तासांत लघवी नाही. हाक मारली तरी डोळे उघडून नीट बघत नाही. अंगावर जांभळे ठिपके. मान ताठ. ताप तीन दिवसांच्या पुढे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका वाढतो, म्हणून ताप गेला पण पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हिरड्यांतून रक्त येतं, तर सकाळच्या फेरीची वाट पाहायची नाही. रात्री बेटावरून कसं निघायचं, कुणाला हाक मारायची, हे आजच ठरवून ठेवा. ज्यांच्या घरी तीन महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्यांनी १००.४ ताप दिसताच, इतर काही लक्षण नसलं तरी, थेट रुग्णालय गाठायचं.

मांयबद्दल एक. त्या दिवसभर मुलीजवळ असतात, तुमच्या माघारी तिचं नाक पुसतात, तिला पेज भरवतात. त्यांची भीती खोटी ठरवून चालणार नाही. त्यांना एक वही द्या. आजार कधी सुरू झाला, ताप किती, कधी खेळू लागली, एवढंच लिहायचं, आणि महिन्यातून एकदा वजन. लिहिणं जमत नसेल तर संध्याकाळी त्या सांगतील, तुम्ही लिहा. डॉक्टरांना कुठल्याही रक्ततपासणीच्या आधी ती वही बघायला आवडेल, आणि सर्दी आणि सर्दी यांच्यामधले चांगले दिवस किती आहेत ते मांयनाही कागदावर दिसेल.

बालवाडीच्या बाईंना हात धुण्याची जागा आणि साबण आहे का ते विचारा. डबा खायच्या आधी सगळ्या मुलांनी हात धुतले तर निम्मं काम होतं. ताप असेल त्या दिवशी घरी, ताप गेल्यावर एक पूर्ण दिवस घरी. सोमवारी नुसतं नाक वाहत असेल आणि ती उड्या मारत असेल, तर दोन जादा रुमाल देऊन पाठवा.